उणे वीस अंशांतला कॅमेरा

हिमालयातील हिवाळी निसर्गछायाचित्रणाची तयारी करताना हौशी छायाचित्रकारांचा बराचसा वेळ आणि जवळजवळ सगळा पैसा ‘लेन्स किती मिलिमीटरची घ्यावी’ या एकाच प्रश्नावर खर्च होतो. प्रश्न गैरलागू नाही. परंतु शून्याखालचे तापमान, विरळ हवा आणि बर्फावरून परतणारा प्रखर प्रकाश या तीन गोष्टी एकत्र आल्या की लेन्सची निवड निराळ्या निकषांवर करावी लागते, आणि एरवी शेवटच्या क्षणी बॅगेत कोंबल्या जाणाऱ्या बॅटऱ्या, प्लास्टिकच्या पिशव्या, हातमोजे अशा किरकोळ वस्तूच छायाचित्र मिळणार की नाही हे ठरवू लागतात. हिमबिबट्याच्या छायाचित्रणासाठी गेल्या काही वर्षांत प्रसिद्धीस आलेले हिमाचल प्रदेशातील किब्बर हे गाव समोर ठेवून या साहित्याचा विचार केल्यास त्यामागचे विज्ञान अधिक स्पष्ट होते.

स्पिती खोऱ्यातले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ४,२०० मीटर उंचीवर वसलेले असून त्याच्या भोवतीचे किब्बर वन्यजीव अभयारण्य १९९२ मध्ये स्थापन झाले. येथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यावरील दाबाच्या साधारण ६० टक्के इतकाच असतो आणि फेब्रुवारीत रात्रीचे तापमान उणे वीस अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. असे असूनही छायाचित्रकार याच काळात तेथे जातात, कारण उंचावरील चारा बर्फाखाली गेल्यावर भरल आणि आयबेक्स हे रानटी चतुष्पाद खालच्या उतारांवर येतात व त्यांच्यामागोमाग हिमबिबट्याही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्याचा समागमकाळ असल्याने एरवी एकांडा राहणारा हा प्राणी या दिवसांत अधिक फिरतो आणि साद घालतो. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असून त्यांपैकी ४७७ लडाखमध्ये, तर ५१ हिमाचल प्रदेशात आहेत. हिवाळ्याच्या याच दिवसांत हिमालयापलीकडची आणि लडाखमधील सरोवरे गोठल्यामुळे दक्षिणेकडे उतरलेले पट्टकादंब हंस उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणच्या परिसरात चरत असतात. पक्षी थंडी टाळण्यासाठी जे अंतर खाली येतात, तेच अंतर पुण्या-मुंबईचे छायाचित्रकार थंडी गाठण्यासाठी वर चढतात. भिगवणच्या होडीत उत्तम काम देणारा संच जसाच्या तसा किब्बरला नेला, तर मात्र निराशा होण्याचा संभव अधिक असतो.

भिगवणला पक्षी कोठे आहेत हे शोधावे लागत नाही, ते समोरच असतात. किब्बरला मात्र राखाडी-पांढऱ्या कातळावर बसलेला, त्याच रंगाचा प्राणी आधी सापडावा लागतो. म्हणून येथील पहिले प्रकाशीय साधन कॅमेऱ्याची लेन्स नसून दुर्बीण आहे, आणि पैसा मर्यादित असल्यास तो आधी चांगल्या दुर्बिणीवर खर्च करावा, हे मत ठामपणे मांडण्यासारखे आहे. दुर्बिणीवर ‘८ × ४२’ असे लिहिलेले असते. त्यातील पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसेल हे, तर दुसरा आकडा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये किती आहे हे सांगतो. पहाटेच्या अंधूक प्रकाशात ४२ मिमी व्यासाचे भिंग पुरेसा प्रकाश गोळा करते, आणि दहापटीपेक्षा अधिक वर्धन असले की हाताचा कंपही तितकाच वर्धित होत असल्याने हातात धरून दीर्घकाळ निरीक्षण करणे अवघड जाते. त्यापुढचे काम गावातील वाटाडे करतात. तिवईवर लावलेल्या, साधारण वीस ते साठ पट वर्धन देणाऱ्या ‘स्पॉटिंग स्कोप’मधून ते एकेक कडा तासन् तास न्याहाळतात. अर्थात साधने आणि चिकाटी असूनही प्राणी दिसेलच असे नाही. पीटर मॅथिसन हे अमेरिकन लेखक १९७३ मध्ये जॉर्ज शॅलर या प्राणिशास्त्रज्ञासमवेत नेपाळच्या डोल्पो भागात गेले आणि त्या प्रवासावरील त्यांचे पुस्तक १९७८ मध्ये गाजले, त्याचे नावच हिमबिबट्यावरून ठेवलेले आहे. मॅथिसन यांना तो प्राणी मात्र दिसला नव्हता.

प्राणी दिसल्यानंतरचा प्रश्न लेन्सच्या नाभीय अंतराचा. लेन्सवर लिहिलेले ४०० किंवा ६०० मिमी हे तिचे नाभीय अंतर, म्हणजे दूरवरून येणाऱ्या समांतर किरणांना एकत्र आणण्यासाठी लेन्सला लागणारे अंतर होय. ते जितके जास्त, तितकी संवेदकावर, म्हणजे कॅमेऱ्यातील सेन्सरवर, पडणारी प्रतिमा मोठी. ही प्रतिमा किती मोठी असेल हे शाळकरी त्रैराशिकाने काढता येते. हिमबिबट्याचे शेपटी वगळून शरीर साधारण एक मीटर लांब धरले आणि तो ५०० मीटरवरील कड्यावर आडवा बसला आहे असे मानले, तर ६०० मिमीच्या लेन्सने संवेदकावर पडणारी त्याची प्रतिमा अवघी १.२ मिमी लांब असते. ‘फुल फ्रेम’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संवेदकाची रुंदी ३६ मिमी असल्याने हा प्राणी चौकटीचा तिसावा भाग व्यापतो, आणि त्या रुंदीत ६,००० बिंदू असणाऱ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात त्याच्या वाट्याला जेमतेम २०० बिंदू येतात. तोच प्राणी १०० मीटरवर आला, तर बिंदूंची संख्या १,००० होते. हिमबिबट्याची जी चित्रे पाहून लोक मोठ्या लेन्सच्या मागे लागतात, ती बहुतेक अशा जवळच्या भेटीची असतात, आणि किब्बरमध्ये जवळची भेट हा नियम नसून अपवाद आहे.

याच हिशेबातून लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यांविषयीचा एक रूढ गैरसमजही दूर होतो. दीडपट ‘क्रॉप’ असणाऱ्या संवेदकावर ४०० मिमीची लेन्स ६०० मिमीची होते असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात लेन्स आहे तेवढीच राहते, फक्त प्रतिमेच्या कडा कापल्या जातात. लाभ होतो तो बिंदूंच्या दाटीमुळे. साडेतेवीस मिमी रुंदीत ६,००० बिंदू दाटीने बसवलेले असल्यास १.२ मिमीच्या प्रतिमेला ३०० हून अधिक बिंदू मिळतात, तर ४५ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम कॅमेऱ्यात सुमारे २७५ मिळतात. म्हणजे तुलनेने स्वस्त असा क्रॉप कॅमेरा या एका कामात महागड्या कॅमेऱ्याच्या तोडीस तोड उतरतो, मात्र संध्याकाळच्या क्षीण प्रकाशात त्याच्या चित्रातील रवाळपणा लवकर डोळ्यांत भरतो.

येथे एक अडथळा असा आहे की जो पैशाने दूर होत नाही. सूर्य वर आला की बर्फाबाहेर डोकावणारे काळे कातळ भराभर तापतात आणि त्यांच्यालगतची उबदार, हलकी हवा वरच्या गार हवेत मिसळू लागते. वेगवेगळ्या घनतेच्या या थरांतून येताना प्रकाशाचे अपवर्तन क्षणोक्षणी बदलते आणि दूरची वस्तू उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर थरथरते तशी थरथरू लागते. पाचशे मीटर अशा हवेतून आलेली प्रतिमा कितीही महाग लेन्सने घेतली तरी मऊच येते आणि स्वयंचलित फोकसही चाचपडतो. म्हणून सकाळी ऊन कड्यावर पडण्यापूर्वीचा आणि लगेच नंतरचा अल्प काळ सर्वांत मोलाचा ठरतो. जो दोष लेन्सचा म्हणून दुकानदाराकडे परत जातो, तो पुष्कळदा अकरा वाजताच्या हवेचा असतो. उबदार ठेवलेल्या गाडीची काच खाली करून चित्रे घेतल्यास हाच दोष घरबसल्या निर्माण होतो, कारण आतली गरम हवा नेमकी लेन्ससमोरून बाहेर पडते. गाडीतूनच चित्र घ्यायचे झाल्यास हीटर आधी बंद करून आतली हवा बाहेरच्याइतकी गार होऊ द्यावी लागते.

नाभीय अंतरानंतर विचार येतो तो छिद्राचा, म्हणजेच अ‍ॅपर्चरचा. एफ/४ याचा अर्थ छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या एकचतुर्थांश. त्यामुळे ६०० मिमी एफ/४ लेन्सचे छिद्र १५० मिमी व्यासाचे, तर ६०० मिमी एफ/६.३ लेन्सचे सुमारे ९५ मिमी व्यासाचे असते. प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात येतो, म्हणून पहिली लेन्स दुसरीच्या अडीचपट प्रकाश आत घेते, आणि भल्या पहाटे हा फरक खरोखर उपयोगी पडतो. परंतु त्यासाठी काचही तितकीच मोठी लागते. एफ/४ ची आधुनिक ६०० मिमी लेन्स सुमारे तीन किलो वजनाची असते, तिच्यासाठी तशीच दणकट तिवई लागते आणि तिची किंमत दहा लाखांच्या घरात जाते. सोनीची २००–६०० मिमी किंवा निकॉनची १८०–६०० मिमी ही झूम लेन्स, म्हणजे नाभीय अंतर बदलता येणारी लेन्स, सुमारे दोन किलोंची असून तिच्या किमतीत कित्येक पटींचा फरक आहे. समुद्रसपाटीवर एका किलोचा फरक फारसा जाणवत नाही. ४,२०० मीटरवर गुडघाभर बर्फातून चढ चढताना, जेथे रिकाम्या हातांनीही दर वीस पावलांवर थांबावे लागते, तेथे तोच किलो छायाचित्रकाराला वाटाड्याच्या मागे दहा मिनिटे ठेवतो, आणि हिमबिबट्या दहा मिनिटे थांबत नाही.

वजनाच्या या अडचणीवर एक सुंदर उपाय दोनशे वर्षांपूर्वीच्या दीपगृहांतून आला आहे. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने १८२० च्या दशकात दीपगृहांसाठी असे भिंग तयार केले की ज्यात काचेचा जाड गोळा न वापरता समकेंद्री पायऱ्यांच्या कड्यांनी प्रकाश वळवला जात असे. कॅमेऱ्याच्या लेन्समधील सूक्ष्म कडी प्रकाश अपवर्तनाऐवजी विवर्तनाने वळवत असली, तरी रचनेची कल्पना त्याच कुळातली आहे, आणि त्यामुळे लेन्स आखूड व हलकी होते. कॅननने २००१ मध्ये अशी पहिली लेन्स बाजारात आणली. निकॉनची ५०० मिमी एफ/५.६ आणि ६०० मिमी एफ/६.३ या ‘फेज फ्रेनेल’ लेन्स जेमतेम दीड किलोच्या आहेत. सूर्य किंवा चमकता बर्फ थेट समोर असल्यास त्यांत क्वचित रंगीत वलये दिसतात, एवढाच त्यांचा दोष. किब्बरसाठी एकच लेन्स सुचवायची झाल्यास ती या कुळातली असावी, आणि ती परवडत नसल्यास सहाशेपर्यंत जाणारी दोन किलोंची झूम घ्यावी. तीन किलोंची लेन्स सोबत भारवाहक असणाऱ्यांनीच न्यावी. नाभीय अंतर १.४ पट वाढवणारा ‘टेलिकन्व्हर्टर’ एफ/४ च्या लेन्सला शोभतो, एफ/६.३ वर तो लावल्यास छिद्र एफ/९ चे होते, प्रकाश निम्मा होतो आणि थरथरणारी हवा आहे तशीच राहते, फक्त जरा मोठी दिसते.

भूदृश्यासाठी २४–७० मिमीची एक साधी झूम पुरते. किब्बर परिसरातील की मठ, चिचमचा पूल आणि त्याखालची घळ यांना त्याहून रुंद लेन्स क्वचितच लागते. उडणाऱ्या बर्फात लेन्स बदलणे म्हणजे संवेदकावर बर्फ शिंपडणे, त्यामुळे जुनी का होईना, दुसरी कॅमेरा-बॉडी सोबत असणे हे तिसऱ्या लेन्सपेक्षा श्रेयस्कर. या उंचीवर आकाश मुळातच गडद निळे दिसत असल्यामुळे ध्रुवक फिल्टर लावला तर ते काळपट होते. तो घरी ठेवावा.

बर्फाचे एक्स्पोजर, म्हणजे संवेदकावर किती प्रकाश पडू द्यायचा याचे मोजमाप, हाही अनेकांना फसवणारा भाग आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरतो, तर ताजा बर्फ आपल्यावर पडलेला ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. परिणामी कॅमेरा बर्फालाही करडा करून टाकतो. त्यावर उपाय म्हणून एक ते पावणेदोन ‘स्टॉप’ इतकी वाढ द्यावी लागते, एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. सावलीतला बर्फ निळसर येतो तो मात्र दोष नव्हे, कारण तेथे सूर्याचा नव्हे तर निळ्या आकाशाचाच प्रकाश पडलेला असतो. तो निळेपणा पुसून काढणाऱ्यांची चित्रे बहुधा निर्जीव वाटतात.

आता बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत विद्युतप्रवाह हा लिथियमच्या आयनांच्या एका इलेक्ट्रोडकडून दुसऱ्याकडे होणाऱ्या स्थलांतरावर अवलंबून असतो, आणि हे आयन ज्या द्रवातून जातात तो विद्युत अपघटनी द्रव थंडीत घट्टसर होत असल्याने त्यांची गती मंदावते व बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो. कॅमेऱ्याने एकदम अधिक प्रवाह मागितला की व्होल्टेज कोसळते आणि कॅमेरा बॅटरी संपली असे समजून बंद पडतो. ऊर्जा मात्र संपलेली नसते; तीच बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत अर्धा तास ठेवली की पुन्हा चालू लागते. म्हणून दोन बॅटऱ्या छातीशी, एक कॅमेऱ्यात, आणि पडदा दिसेनासा होताच अदलाबदल, ही पद्धत थंड प्रदेशातील छायाचित्रकार वर्षानुवर्षे वापरत आले आहेत. आरसाविरहित म्हणजे ‘मिररलेस’ कॅमेऱ्याचा इलेक्ट्रॉनिक दृश्यदर्शक सतत वीज खात असल्याने तेथे ही संख्या आणखी वाढवावी लागते. उलट बाजूने एक धोका आहे, ज्याची फारशी वाच्यता होत नाही. गोठणबिंदूखाली असलेली बॅटरी चार्ज केल्यास लिथियमला ग्रॅफाइटच्या आत शिरण्यास वेळ मिळत नाही आणि त्याचा धातुरूप थर पृष्ठभागावर साचतो. ही हानी कायमची असते. संध्याकाळी परतल्यावर बॅटरी आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि मगच चार्जरला लावावी.

गावात हिवाळ्यात विजेचा भरवसा नसल्यामुळे पॉवर बँक लागतेच. विमानात ती आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातसामानातच नेता येतात, आणि पूर्वपरवानगीशिवाय नेण्याची मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॉट-तासांची भरते, म्हणजे चालते. देशांतर्गत विमानात हातसामानाची मर्यादा बहुधा सात किलोंची असते, आणि लेन्सच्या वजनाचा विचार येथेही पुन्हा डोके वर काढतो. खिशात ठेवायच्या रासायनिक ऊबपुड्या लोहचूर्णाच्या ऑक्सिडीकरणाने तापतात, त्यामुळे विरळ हवेत त्या सपाटीवरच्याइतक्या गरम होत नाहीत आणि हवाबंद पिशवीत तर विझूनच जातात.

कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा घात मात्र बाहेरच्या थंडीत होत नाही, तो घरात आल्यावर होतो. स्पितीतल्या घरात मधोमध लोखंडी शेगडी असते, तिला तेथे तंदूर म्हणतात. तिच्यावर किटली उकळत असते आणि माणसे भोवताली दाटीने बसलेली असतात. अशा खोलीत तापमान १८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असल्यास दवबिंदू तापमान, म्हणजे ज्या तापमानाला हवेतील बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, सुमारे ७ अंश असते. दिवसभर उणे १५ अंशांत राहिलेला कॅमेरा त्याहून वीस-बावीस अंशांनी गार असतो, त्यामुळे उन्हाळ्यात बर्फगार पाण्याने भरलेल्या पितळी तांब्याला बाहेरून घाम फुटावा तसा त्याला घाम फुटतो, आणि तो केवळ बाहेरून नव्हे तर लेन्सच्या आतल्या काचांवर व जोडण्यांवरही फुटतो. ‘हवामानरोधक’ असे लिहिलेला कॅमेरा पावसाचे थेंब अडवतो, बाष्प नाही. झूम पुढे-मागे करताना लेन्स हवा आत घेतच असते.

उपाय अगदी स्वस्त आहे. उंबरठ्याबाहेर असतानाच मेमरी कार्ड आणि बॅटरी काढून घ्यावी, कॅमेरा लेन्ससकट झिप असलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करावे आणि ती पिशवी खोलीच्या गार कोपऱ्यात, शेगडीपासून दूर ठेवावी. थोड्याच वेळात पिशवीच्या बाहेरच्या बाजूवर आधी तुषाराचा पांढरा थर आणि मग पाण्याचे ओघळ दिसू लागतात; ते सगळे पाणी एरवी कॅमेऱ्यावर बसले असते. आतली कोरडी हवा कॅमेऱ्यासोबत हळूहळू गरम होते आणि दोन-तीन तासांनी पिशवी निर्धास्त उघडता येते. तेवढा धीर नसणाऱ्यांनी कार्ड आधी का काढायचे हे येथे उघड होते. सकाळी बाहेर पडताना क्रम उलटा: कॅमेरा बॅगेतच गार होऊ द्यावा, अन्यथा उबदार काचेवर पडलेला भुरभुरता बर्फ वितळतो आणि लगेच गोठतो. लेन्सवरील बर्फ तोंडाने फुंकू नये, कारण श्वासातले बाष्प तेथेच गोठते. त्यासाठी रबरी फुंकणी, म्हणजे ब्लोअर, जवळ असावी.

तिवई कार्बन तंतूंची असावी. ती हलकी तर असतेच, शिवाय अ‍ॅल्युमिनियमसारखी हाताची ऊब ओढून घेत नाही. भुसभुशीत बर्फात तिचे पाय पूर्ण फाकवून रोवल्यास बर्फ दबताच ते आणखी फाकतात व सांध्यावर ताण येतो, म्हणून ते थोडे मिटलेले ठेवून दाबावेत. हातमोजे दोन थरांचे लागतात: आत बोटांना बटणे जाणवतील असे पातळ, बाहेर जाड आणि सहज निघणारे. वाटाड्याने हात वर केला की पहिली दोन सेकंदे जाड मोजा काढण्यात जातात, आणि याची तालीम घरीच करून गेलेले बरे. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनविभागाची परवानगी लागते आणि परवानगीविना ड्रोन उडवता येत नाही. प्राण्याकडे किती जवळ जायचे याचा निर्णय वाटाड्याचा असतो, लेन्सच्या मालकाचा नव्हे.

राहता राहिली बीन बॅग, म्हणजे दाण्यांनी भरलेली ती कापडी उशी, जिच्यावर लेन्स टेकवली की गाडीच्या खिडकीत किंवा खडकावर तिवईची गरज उरत नाही. ती पुण्या-मुंबईहून भरून नेणाऱ्यांचे दोन-तीन किलो विमानात वाया जातात. वाटाणा आणि जव ही स्पितीतली मुख्य पिके आहेत. उशी रिकामी न्यावी, दाणे तेथल्या घरमालकिणीकडून विकत घ्यावेत आणि निघताना तिलाच परत द्यावेत.